अठ्ठाविसाव्या दिवसाच्या पुढे

काँक्रीटचा ठोकळा दाबयंत्रात ठेवतात आणि तो फुटेपर्यंत दाब वाढवत नेतात. ज्या दाबाला तो फुटला, तो आकडा वहीत जातो. ही चाचणी बहुतेक ठिकाणी काँक्रीट ओतल्यानंतर २८ व्या दिवशी होते, कारण साध्या पोर्टलंड सिमेंटची बरीचशी ताकद तोवर आलेली असते. पण इमारतीच्या पायावर सगळा भार २८ व्या दिवशी येतो का? वर वीस मजले चढायचे असतील, तर तो यायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. मग पायाने चार आठवड्यांतच पूर्ण ताकद कमवावी, हा आग्रह कशासाठी?

हा प्रश्न वेळेवर विचारता येणं, हे मला शाश्वत बांधकामातलं सर्वांत मोलाचं कौशल्य वाटतं. लांबी, रुंदी, उंची आणि वजन यांचा हिशोब अभियंत्याच्या अंगवळणी पडलेला असतो. काळाचा हिशोब मात्र त्याला फार कमी शिकवला जातो, आणि बांधकामाचा पर्यावरणावरचा भार बराचसा तिथेच ठरतो.

आधी सिमेंटचंच पाहू. चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर त्यातून ४४ किलो वायू सुटतो. म्हणजे भट्टी सूर्याच्या ऊर्जेवर चालवली तरी दगडातला हा वायू सुटणारच. माणसाच्या कामांतून जगभर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून या दगडाचा आहे.

लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारी मळी (स्लॅग) बारीक दळून सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरता येते. जाड पायात तर निम्म्याहून जास्त सिमेंट तिने बदलता येतं. ही भुकटी सावकाश काम करते. तिची ताकद ५६ दिवसांनी, ९० दिवसांनीही वाढत राहते. शिवाय ती कमी उष्णता सोडते, त्यामुळे जाड पाया आतून तापून तडकण्याची भीती कमी होते. म्हणून संरचना अभियंत्याने आराखड्यावर ‘२८ दिवस’च्या जागी ‘५६ दिवस’ लिहिलं, तर त्या एका आकड्याने कितीतरी सिमेंट वाचतं.

हेच सगळीकडे चालेल असं नाही. स्लॅबचं सेंट्रिंग लवकर काढून वरच्या मजल्याला लावायचं असतं, तिथे संथ काँक्रीट सगळं काम अडवून ठेवतं. थंड हवेत ते आणखी संथ होतं. त्याला पाणीही जास्त दिवस मारावं लागतं. ते टाळलं तर वरचा थर भुसभुशीत राहतो आणि आतल्या सळईपर्यंत गंज लवकर पोचतो. म्हणजे अभियंत्याने कागदावर वाचवलेला कार्बन शेवटी साइटवर पाणी मारणाऱ्याच्या हातात असतो. त्याला कोणी ‘हे वेगळं काँक्रीट आहे, याला जास्त दिवस ओलं ठेवायचं’ एवढं समजावून सांगितलं का? कौशल्याची चर्चा पदवीधरांपाशीच थांबते याचं मला म्हणूनच वाईट वाटतं.

आणखी एक खाचखळगा आहे. चांगल्या प्रतीची मळी जगात मर्यादित आहे आणि तिचा बहुतेक साठा आधीच वापरला जातो. माझ्या इमारतीने ती जास्त उचलली तर दुसऱ्या इमारतीला कमी मिळते. जगाचा हिशोब जिथल्या तिथे राहतो. म्हणून स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या सिमेंट-संशोधक कॅरेन स्क्रिव्हनर यांच्या गटाने क्युबा आणि भारतातल्या संशोधकांबरोबर भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी यांचं मिश्रण विकसित केलं. त्यात सिमेंटचा भट्टीतून आलेला गाभा जवळपास निम्माच लागतो. माती साधारण ८०० अंशांवर भाजली तरी पुरते, आणि तशी माती पृथ्वीवर भरपूर आहे. ‘कमी कार्बनचं’ असं लेबल पाहून खूश होण्याआधी त्या वस्तूचा जगातला साठा किती, हे विचारणं हेही कौशल्यच.

इमारतीचा कार्बन दोन प्रकारचा असतो. एक दिवे, पंखे, हीटर, वातानुकूलन यांतून वर्षानुवर्षं निघत राहतो. दुसरा पहिला दिवा लागण्याआधीच, विटा-सिमेंट-पोलाद बनवताना निघून गेलेला असतो. वीज जसजशी स्वच्छ होते, तसा पहिला कमी होत जातो. दुसरा परत घेता येत नाही. म्हणून साहित्य कमी वापरणं हे फार मोठं काम आहे आणि ते आकृतीच्या पहिल्या रेघेपासून करावं लागतं. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या २३ पोलादी इमारतींच्या दहा हजारांहून अधिक तुळया तपासल्या. सरासरी तुळईची निम्मी ताकदही वापरात येत नव्हती. याला अज्ञान कारण नाही. अभियंत्याला प्रत्येक तुळई वेगळी मोजायला वेळ दिला जात नाही. मग सर्वांत जास्त भाराची तुळई ठरवायची आणि तीच सगळीकडे टाकायची, हे सोपं पडतं. संगणक आज हजार तुळया सहज वेगवेगळ्या मोजतो. तो वेळ आणि ते पैसे कामाच्या करारात मागून घेण्याची हिंमत मात्र माणसालाच दाखवावी लागते.

कधीकधी तर बांधूच नये, हे योग्य उत्तर असतं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात १९६० च्या दशकातल्या तीन जुनाट इमारती होत्या, ५३० घरांच्या. लाकातों आणि वासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांसह त्या पाडल्या नाहीत. प्रत्येक घराला बाहेरून काचबंद खोली आणि सज्जा जोडला. काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहिले. या जोडीला २०२१ मध्ये वास्तुरचनेतला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. जुन्या स्लॅबमध्ये अजून किती जीव आहे हे ठोकून, मोजून, नमुने काढून सांगणारा माणूस अशा कामात पहिल्या दिवसापासून लागतो.

काळाचा हिशोब वर्षांचाच असतो असं नाही, तासांचाही असतो. झिंबाब्वेतल्या हरारे शहरात १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या ईस्टगेट सेंटर या इमारतीत नेहमीचं वातानुकूलन नाही. वास्तुरचनाकार मिक पीअर्स यांनी अभियंत्यांना सुरुवातीलाच सोबत घेतलं. रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटच्या फरशीखालच्या पोकळ्यांमधून खेळवायची, रात्रभर काँक्रीट गार करायचं आणि दिवसा त्याने खोल्यांमधली उष्णता शोषून घ्यायची, अशी ही योजना. प्रेरणा वाळवीच्या वारुळाची होती. वारुळात हवा नेमकी तशी फिरत नाही, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिलं. इमारत तरी काम करते, कारण हरारे सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या रात्री गार असतात. दमट, उबदार रात्रींच्या किनारी शहरात हीच इमारत उकडून काढेल. हवामानाची वार्षिक सरासरी पाहून इथे काही कळत नाही. दर तासाचं तापमान आणि आर्द्रता वाचता यावी लागते.

रस्ते, गटारं, पूल यांच्याबाबत हा हिशोब आणखी अवघड होतो, कारण तिथे भूतकाळ पुरेसा मार्गदर्शक राहिलेला नाही. पावसाच्या जुन्या नोंदींवरून नळाचा व्यास ठरवण्याची रीत आहे. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहर बुडालं. पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीचा आराखडा केला. नुसते मोठे नळ टाकण्याऐवजी काही रस्ते पाणी वाहून नेतील आणि काही उद्यानं ते थोडा वेळ साठवतील, असं त्यात ठरलं. एरवी मुलं खेळतात ती खोलगट हिरवळ पावसाच्या दिवशी तलाव होते. अशा कामाला पाण्याचं गणित येणारा हवा, माती आणि झाडं कळणारा हवा, आणि ‘तुमच्या घरासमोर मुद्दाम पाणी साचवणार आहोत’ हे रहिवाशांना नीट समजावून सांगणाराही हवा. शेवटचं काम मला सर्वांत कठीण वाटतं. ते जमलं नाही तर बाकीची दोन्ही कौशल्यं कागदावरच राहतात.

इमारत ताब्यात दिली की बहुतेकांचं काम संपतं. प्रत्यक्षात तिचं ऊर्जेचं बिल तेव्हा सुरू होतं, आणि ते आराखड्यातल्या अंदाजाहून बऱ्याचदा जास्त येतं. फार कमी ऊर्जेत चालणारी घरं बांधण्याच्या, जर्मनीत जन्मलेल्या पॅसिव्हहाउस पद्धतीत म्हणून घराला पंखा लावून ५० पास्कल दाबफरक निर्माण करतात आणि तासाभरात घरातल्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा गळता कामा नये, असा दंडक पाळतात. वायरमनने भिंतीत पाडलेलं एक भोक बुजवायचं राहिलं तर ते या चाचणीत सापडतं. ज्या साइटवर वायरमन, प्लंबर आणि गिलावा करणारे ही चाचणी स्वतः पाहतात, तिथे पुढच्या घरात ते भोक आपोआप बुजवलं जातं.

आणि शेवटी इमारत उतरवण्याचा दिवस येतो. चुन्यात बांधलेली वीट हातोडीने सुटी होते, साफ करून पुन्हा वापरता येते. सिमेंटमध्ये बांधलेली बहुधा मोडते. बोल्टने जोडलेली तुळई उघडता येते, वेल्ड केलेली कापावी लागते. त्या दिवशी कोण काम करत असेल हे आज आराखडा काढणाऱ्याला माहीत नाही, पण कोणता बोल्ट कुठे आहे आणि त्या पोलादाची प्रत कोणती, हे तो आज लिहून ठेवू शकतो.