पाचवीतली दोन मुलं आणि दोन देशांचा शाळाखर्च

लोअर सेकंडरीवर, म्हणजे प्राथमिकनंतरच्या पहिल्या शालेय टप्प्यावर, सरकार जास्त पैसा कुठे घालतं, जर्मनीत की जपानमध्ये? आकडा शोधायला दोन मिनिटं पुरतात, पण तो आकडा नेमका कशाचा आहे हे बघितल्याशिवाय त्याला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कोलोनमधली एक दहा वर्षांची मुलगी घ्या आणि ओसाकातला तिच्याच वयाचा मुलगा, दोघंही पाचवीत. जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीलाच संपते, म्हणजे त्या मुलीचा खर्च लोअर सेकंडरीत धरला जातो. जपानमध्ये प्राथमिक सहावीपर्यंत, त्यामुळे त्या मुलाचा खर्च प्राथमिकच्या रकान्यात. युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लोअर सेकंडरी म्हणजे स्तर २, पण तो जर्मनीत साधारण पाचवी ते दहावी असा सहा वर्षांचा आणि जपानमध्ये सातवी ते नववी असा तीनच वर्षांचा.

आता समजा दोन्हीकडे दर इयत्तेत १ लाख मुलं आहेत आणि प्रत्येक मुलामागे खर्चही अगदी सारखा आहे. तरी जर्मनीत ६ लाख मुलांचा खर्च मोजला जाईल, जपानमध्ये ३ लाखांचा, आणि ‘जीडीपीच्या किती टक्के’ असा तक्ता काढला की जर्मनी दुप्पट उदार दिसेल (दोघांचा जीडीपी सारखा धरला तर). एका पैशाचा फरक नसताना! म्हणून एकूण टक्केवारी बाजूला ठेवून दर मुलामागे दर वर्षी किती, हेच विचारायचं.

त्यातही चलन आडवं येतं. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला साधारण १०३ येन मिळायचे, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये १५० च्या आसपास. म्हणजे जपानी शिक्षकाचा पगार जसाच्या तसा असला तरी डॉलरमध्ये तो जवळपास ३० टक्क्यांनी घसरलेला दिसणार. म्हणून बाजारातला विनिमय दर न घेता क्रयशक्तीचा दर वापरतात, त्या पैशात त्या देशात प्रत्यक्ष काय विकत येतं ते बघून ठरवलेला.

मुलांची संख्या हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जपानमध्ये १९७३ साली सुमारे २१ लाख बाळं जन्मली, २०२३ मध्ये ७.३ लाखांच्या आसपास. एका वर्गात ३० मुलं होती ती १५ झाली, पण शिक्षक तोच, खोली तीच, हीटरही तेवढाच चालतो, म्हणजे दर मुलामागचा खर्च सरळ दुप्पट. सरकारने काही वाढवलंय असं नाही, मुलं कमी झालीत.

खर्च कोणाच्या खिशातून जातो तेही बघावं लागतं. जर्मनीत शिक्षकांचे पगार राज्यं देतात, इमारतींचं मुख्यतः नगरपालिका वगैरे बघतात. जपानमध्ये पगाराचा एक तृतीयांश वाटा केंद्राचा, बाकीचा प्रांतांचा किंवा काही मोठ्या शहरांचा. फक्त केंद्राचं बजेट उघडून तुलना केली तर जर्मनी शाळांवर जवळजवळ काहीच खर्च करत नाही असं वाटेल, जे साफ चूक आहे.

आणि जपानी पालक ‘जुकू’ नावाच्या खासगी क्लासेसना जी फी भरतात ती सरकारी आकड्यात कुठेच येत नाही, आठवीतलं मूल संध्याकाळभर तिथेच बसलेलं असलं तरी.