व्हॉल्व्ह सील बदलताना: कॉम्प्रेशनचा टीडीसी आणि एक्झॉस्टचा टीडीसी

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि थोड्या वेळाने थांबतो, तेव्हा व्हॉल्व्हच्या दांड्यावरील रबरी सील कडक झाल्याचा संशय घ्यावा. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे व्हॉल्व्ह असलेले झाकण, न उतरवताही ही सील बदलता येतात. मात्र स्प्रिंग दाबून कॉटर (स्प्रिंगला व्हॉल्व्हच्या दांड्याशी अडकवून ठेवणाऱ्या छोट्या पाचरी) काढले की व्हॉल्व्हला वर धरणारे काहीच उरत नाही आणि तो सिलिंडरमध्ये पडला तर हेड उतरवावेच लागते. म्हणून त्या सिलिंडरचा पिस्टन आधी सर्वांत वर, म्हणजे टीडीसीवर, आणून ठेवतात.

फोरस्ट्रोक इंजिनाचे एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, पूर्ण होते आणि तेवढ्यात पिस्टन दोनदा वर येतो. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे आतली हवा दाबण्याच्या स्ट्रोकच्या, शेवटी तो वर येतो तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात. एक्झॉस्टच्या, म्हणजे जळालेला वायू बाहेर टाकण्याच्या स्ट्रोकच्या, शेवटी येतो तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला, तर इनलेट नुकताच उघडू लागलेला असतो. क्रँकच्या पुलीवरची टीडीसीची खूण क्रँकबरोबर फिरत असल्यामुळे ती दोन्ही वेळी जागेवर जुळते. केवळ खूण पाहून काम सुरू करणे ही या कामातील सर्वांत महागात पडणारी घाई आहे, असे मला वाटते.

फरक ओळखण्यासाठी प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरावा आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवावे. अंगठ्याला हवेचा दाब जाणवत असताना खूण जुळली, तर तो कॉम्प्रेशनचा टीडीसी होय. 1-3-4-2 या फायरिंग ऑर्डरच्या (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याच्या क्रमाच्या) चार सिलिंडरच्या इंजिनात आणखी खात्रीचा पडताळा मिळतो: एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर असताना चार नंबरचा एक व्हॉल्व्ह मिटताना आणि दुसरा उघडताना दिसतो. तिथून क्रँक 180 अंश फिरवला की तीन नंबरची पाळी येते. तीन सिलिंडरच्या इंजिनात असा जोडीदार नसतो आणि पुढच्या सिलिंडरसाठी 240 अंश फिरवावे लागते.

व्हॉल्व्ह कशाने धरणार, यावर या फरकाचे महत्त्व अवलंबून असते. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची असेल आणि रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे दांडे) जागेवर असतील, तर एक्झॉस्टच्या टीडीसीवर ती हवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून निघून जाते. कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर ती टिकते, पण पिस्टन थोडा जरी अलीकडे-पलीकडे असला तरी तिच्या दाबाने खाली ढकलला जातो आणि क्रँक झटक्यात फिरतो. म्हणून हवा सोडण्यापूर्वी पाना काढून घ्यावा, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढावा. नायलॉनची दोरी भरण्याच्या पद्धतीत पिस्टन थोडा खाली ठेवून दोरी आत सोडतात आणि मग तो वर आणून व्हॉल्व्ह दाबून धरतात. हेच एक्झॉस्टच्या स्ट्रोकला केले, तर दोरी उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर रेटली जाते आणि त्याचा दांडा वाकू शकतो.

रॉकर किंवा कॅमशाफ्ट आधीच उतरवलेली असेल, तर मात्र स्प्रिंगमुळे सगळेच व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग दोन्ही टीडीसी सारखेच उपयोगी ठरतात आणि चार सिलिंडरच्या इंजिनात एक व चार नंबरचे काम एकाच स्थितीत उरकता येते. जुन्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (फिरत्या रोटरने प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोहोचवणारा भाग) काढला असल्यास तो बसवताना हा भेद पुन्हा पाहावा लागतो: एक नंबर एक्झॉस्टच्या टीडीसीवर असताना रोटर त्याच्या वायरकडे करून बसवला, तर ठिणगी क्रँकची एक पूर्ण फेरी चुकून पडते आणि इंजिन सुरू न होता कार्ब्युरेटरमधून फटके मारू लागते.