अँटिबायोटिकचे पुरळ आणि ‘चौथा प्रकार’

पेनिसिलिन 1940 च्या दशकात सर्रास टोचले जाऊ लागले आणि लगोलग त्याची रिॲक्शन येणारेही दिसू लागले. धास्ती होती ती इंजेक्शननंतर काही मिनिटांत अंगभर उठणाऱ्या गांधींची. त्यामागची आयजीई प्रतिपिंडे (ॲलर्जी घडवणारी रक्तातली प्रथिने) 1960 च्या दशकात सापडली आणि पुढे बराच काळ सगळे लक्ष त्यांनीच खाल्ले. गोळ्या सुरू करून आठवडा झाल्यावर पोटापाठीवर उमटणारे बारीक लाल पुरळ किरकोळ ठरले. वास्तविक 1942 मध्येच गिनिपिगांवरच्या प्रयोगांत दिसले होते, की त्वचेची उशिरा येणारी प्रतिक्रिया एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते ती पेशी टोचून. नुसता रक्तद्रव टोचून नाही.

खरा गुंता 1963 च्या वर्गीकरणाने केला. ॲलर्जीचे चार प्रकार पाडले गेले: पहिले तीन प्रतिपिंडांचे, चौथा पेशींचा. शिकवायला सोपे, म्हणून ते टिकले. पण त्यामुळे ‘चौथा प्रकार’ म्हणजे उशिरा येणारे काहीही, असे होऊन बसले. आठवड्याभरात विरणारे पुरळ, बारीक पूयुक्त फोडांनी भरलेली कातडी आणि सालीसारखी सोलून निघणारी त्वचा, सगळे एकाच खणात! 2000 नंतर या खणाचे चार कप्पे झाले: टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, कोणाला हाताशी धरतात त्यावरून. मॅक्रोफेज, इओसिनोफिल, न्यूट्रोफिल या इतर संरक्षक पेशींना, की त्या स्वतःच मारेकरी होतात? हे व्हायलाच हवे होते, मात्र कप्पे कागदावरच नीट दिसतात. साध्या पुरळाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्वचेच्या पेशी मारणाऱ्या ‘सीडी4’ गटातल्या टी पेशी आणि इओसिनोफिल शेजारी शेजारी सापडतात.

टी पेशींना औषध ‘दिसते’ कसे, हा वादही जुनाच. पेनिसिलिनच्या रेणूतले ‘बीटा-लॅक्टम’ हे अणूंचे कडे (रिंग) उघडून प्रथिनाला चिकटते, हे सर्वमान्य. सल्फामेथॉक्साझोल हे दुसरे अँटिबायोटिक मात्र कशाला कायमचे न चिकटताही टी पेशींच्या ग्राहीशी (पृष्ठभागावरच्या ओळखणाऱ्या प्रथिनाशी) थेट जुळते, हे पचायला वेळ लागला. 2008 मध्ये कातडी सोलणाऱ्या रुग्णांच्या फोडांतल्या पाण्यात ग्रॅन्युलायसिन हे पेशी मारणारे प्रथिन भरपूर आढळले आणि मारेकरी पेशींचे हत्यार हाती आले.

चाचण्यांत ही फारकत आजही दिसते. टोचून केलेली आयजीईची चाचणी पंधरा-वीस मिनिटांत वाचतात. टी पेशींसाठी पाठीवर लावलेली औषधाची पट्टी 48 तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी जागा पुन्हा पाहतात.