सिलिंडरनिहाय ट्यूनिंग

अनेक सिलिंडरांच्या इंजिनात सगळ्यांना सरसकट एकच इंधन आणि एकच टायमिंग न देता, प्रत्येक सिलिंडरची गरज वेगळी मोजून त्याप्रमाणे इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ ठरवण्याची पद्धत. शर्यतीच्या गाड्यांत आणि ताकद वाढवलेल्या टर्बो इंजिनांत ती उपयोगी पडते. पुण्यात गाडी रिमॅप करून घेणे, म्हणजे ईसीयूतला (इंजिन चालवणाऱ्या संगणकातला) इंधन व टायमिंगच्या आकड्यांचा तक्ता, मॅप, बदलून घेणे, आता नवलाचे राहिलेले नाही, पण बहुतेक रिमॅप चारही सिलिंडर सारखे आहेत असे धरून केलेले असतात. प्रत्यक्षात ते कधीच सारखे नसतात.

फरकाचे पहिले कारण हवा. खडकवासल्याच्या कालव्यावर शेपटाकडचे शेत कोरडे राहते. सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या जोडणीत, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, मात्र अनेकदा उलटे घडते. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) एका टोकाला असेल तर वेगात शिरलेली हवा जवळच्या तोंडावरून पुढे निघून जाते आणि लांबच्या सिलिंडरला जास्त मिळते. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बदलले की ही वाटणीही बदलते. दुसरे कारण इंधन फवारणारे इंजेक्टर : एकाच डब्यातून आलेल्या चार नव्या इंजेक्टरांचा प्रवाहही तंतोतंत जुळत नाही. तिसरे कारण उष्णता. वॉटर पंपापासून लांबच्या आणि दोन्ही बाजूंनी शेजारी असलेल्या सिलिंडरांच्या भिंती जास्त तापतात, म्हणून त्यांत नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) लवकर सुरू होते.

ईसीयूला यातले फारसे दिसत नाही. ६,००० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र २० मिलिसेकंदांत पुरे होते, म्हणजे चार सिलिंडरांचा धूर दर ५ मिलिसेकंदांनी एकाच नळीत येऊन मिसळतो. तिथे बसवलेला लॅम्डा सेन्सर सरासरी सांगतो. लॅम्डा म्हणजे मिश्रणातली हवा आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा : कमी म्हणजे मिश्रण रिच (इंधन जास्त), जास्त म्हणजे लीन (इंधन कमी). समजा तीन सिलिंडरांचे लॅम्डा ०.८६, ०.८६ आणि ०.८५ आहे व चौथ्याचे ०.९५. पडद्यावर ०.८८ दिसेल. पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) हा आकडा निर्धास्त करणारा आहे, पण चौथा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा लीन चालला आहे आणि पिस्टन जळालाच तर त्याचाच जळेल. सरासरीवर विसंबणारा ट्यूनर मग दोनच गोष्टी करू शकतो : कमजोर सिलिंडरला सांभाळायला बाकी तिघांची ताकद सोडायची, किंवा त्या एकाला धोक्यात टाकायचे. यातून सुटका करून घेण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

कामाला सुरुवात लॅपटॉपवर होत नाही. आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन चाचणी (सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळतो ते पाहणे), मग इंजेक्टर बेंचवर लावून प्रवाह मोजणे, प्लगची गॅप, गॅस्केटमधून हवा खेचली जाते का ते पाहणे. एखाद्या सिलिंडरला ५ टक्क्यांहून जास्त इंधन वाढवून द्यावे लागत असेल तर आकडा वाढवत न बसता दोष यंत्रात शोधावा. तुंबलेला इंजेक्टर सॉफ्टवेअरने झाकला तर तो आणखी तुंबतो आणि केलेली दुरुस्ती अपुरी पडते.

मोजणीचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एक्झॉस्टच्या प्रत्येक नळीला बंग (सेन्सर बसवायचे आट्यांचे तोंड) वेल्ड करून लॅम्डा मोजणारे चार वाइडबँड सेन्सर लावणे. टर्बोच्या अलीकडे दाब आणि उष्णता दोन्ही जास्त असतात. दाबामुळे वाचन चुकते आणि उष्णतेने सेन्सरचे आयुष्य घटते, म्हणून ते मोजणीपुरतेच लावतात आणि दाबाची दुरुस्ती करून वाचतात. चार सेन्सर परवडत नसतील तर एकच सेन्सर आळीपाळीने प्रत्येक बंगात घालून त्याच गिअरमध्ये, त्याच तापमानाला डायनोवर (जागेवरच गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तीच चाचणी पुन्हा घेता येते. वेळ जास्त लागतो, पण अंदाजाने ट्रिम (एकेका सिलिंडरपुरती इंधनाची कमी-जास्त) देण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

स्वस्त म्हणून अनेक जण एक्झॉस्टचे तापमान मोजणारे के-टाइप थर्मोकपल लावतात आणि चारही आकडे सारखे आले की काम झाले असे मानतात. इथे मोठी फसगत होते. मिश्रण स्टॉइकियोमेट्रिकच्या (हवा आणि इंधन दोन्ही पुरते संपेल अशा प्रमाणाच्या, म्हणजे लॅम्डा १ च्या) जवळ असताना एक्झॉस्टचे तापमान सर्वाधिक असते. तिथून रिचकडे गेले तरी उतरते आणि लीनकडे गेले तरी उतरते. त्यामुळे थंड दिसणारा सिलिंडर रिच आहे की लीन हे नुसत्या तापमानावरून कळत नाही. ठिणगी उशिरा पडली की तेच तापमान वाढते. शिवाय एक थर्मोकपल पोर्टपासून दोन सेंटिमीटरवर आणि दुसरे पाच सेंटिमीटरवर असेल तर तुलनेला अर्थच उरत नाही. तापमान इशारा म्हणून उत्तम, पण चारही आकडे जुळवणे हे ध्येय ठेवू नये.

मिश्रण जुळले की टायमिंग. इंजिनाच्या ब्लॉकवरचा पिझोइलेक्ट्रिक (कंपनाची वीज करणारा) नॉक सेन्सर ठोक्याचा आवाज पकडतो. साधारण ८० मिमी बोअरच्या इंजिनात तो ७ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. त्या क्षणी क्रँक कोणत्या अंशावर आहे यावरून ईसीयू दोषी सिलिंडर ओळखतो. मग त्या एकाचेच टायमिंग एक-दोन अंश मागे घेता येते. याहून खोलवर पाहायचे तर सिलिंडरमधला दाबच मोजावा लागतो. त्यासाठी सेन्सर बसवलेला खास प्लग मिळतो. निम्मे इंधन जळून होण्याचा क्षण टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर पोचल्यानंतर) सुमारे ८ अंशांवर आला की त्या सिलिंडरचे टायमिंग योग्य. ही साधने महाग आहेत आणि मुख्यतः इंजिन कंपन्यांच्या व संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळांतच दिसतात.

वातावरण आणि इंधन यांचाही हिशेब ठेवावा लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास कमी. इथे एप्रिलच्या दुपारी बसवलेला मॅप घाट उतरून कोकणात नेला की हवा बदलते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर स्टॉइकियोमेट्रिक प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. म्हणून एअर-फ्युएल रेशोचे जुने आकडे डोक्यात ठेवण्यापेक्षा लॅम्डावर काम करावे.

ईसीयू येण्याआधीही हे काम होतच होते. १९८३ साली बाजारात आलेल्या राजदूत ३५० ला दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर. त्यांतल्या हवा सोडणाऱ्या दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या नाहीत तर गाडी मिस मारते. दोन्ही केबल जुळवून, प्लगचा रंग पाहून आणि दोन्ही सायलेन्सरचा आवाज ऐकून ती बसवणे हे सिलिंडरनिहाय ट्यूनिंगच होय, आणि त्यातला कान आजही तितकाच कामाचा आहे.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत कायद्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेले तपशील बदलण्यावर बंधने आहेत. कात्रज घाटात किंवा द्रुतगती मार्गावर पूर्ण थ्रॉटल देऊन मॅप तपासणे धोक्याचे आहे, आणि तिथे मिळणारी नोंद चढ, वारा व वाहतुकीमुळे तुलनेलाही उपयोगाची नसते. हे काम डायनोवर किंवा ट्रॅकवरच करावे.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या शर्यती-स्पर्धेसाठी गाड्या बनवणाऱ्या मुलांना हा विषय लवकर भेटतो. नियमाप्रमाणे पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिमीच्या एकाच रिस्ट्रिक्टरमधून (हवा अडवणाऱ्या अरुंद तोंडातून) यावी लागते. चार सिलिंडरांचे मोटारसायकल इंजिन घेतले की ती हवा चौघांत सारखी वाटण्यासाठी प्लेनमचा (नळ्यांआधीच्या हवेच्या पेटीचा) आकार पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, आणि उरलेला फरक ट्रिमने भरून काढावा लागतो. चाकणला बनणारे केटीएम ३९० चे इंजिन निवडणाऱ्या संघांपुढे हा प्रश्न येतच नाही, कारण त्याला सिलिंडर एकच आहे. तिथे सगळा वेळ त्या एकाच्या हवेवर आणि टायमिंगवर देता येतो.