मोडशी लिहून घेणारा परका वैद्य

लहानपणी मे महिन्यात पेडण्याला आजोळी गेलो, की आंबे-फणस चापून पोट बिघडायचंच. आजी नाडी बघत नसे, जीभ बघत नसे. स्वयंपाकघरातूनच निदान यायचं, "मोडशी झालीय त्याला." मग दोन दिवस उकड्या तांदळाची पेज आणि सोबत मिठातल्या कैरीची फोड. आजीची ही मोडशी 1563 साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

पुस्तक लिहिणाऱ्याचं नाव गार्सिया द ओर्ता. पणजीला चर्चसमोर जी बाग आहे, ती त्याच्या नावाची. लोक तिला म्युनिसिपल गार्डन म्हणतात आणि बाकावर बसून चणे खातात. मधोमध खांब आहे, त्याच्यावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. स्वतःच्या बागेतसुद्धा बिचाऱ्याला खांब काही मिळाला नाही.

ओर्ता जन्मला पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिद या सीमेवरच्या गावात, 1500 च्या आसपास. आईवडील ज्यू. 1492 साली स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पुढे पोर्तुगालात 1497 च्या सक्तीत ख्रिस्ती झालेले. अशा घरांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत, आणि त्यांच्यावर कायम नजर असे. पोरगा स्पेनमधल्या सालामांका आणि अल्कालाला वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. तरी 1534 साली मार्तीं आफोंसो द सोझा या दर्यासरदाराचा वैद्य म्हणून तो जहाजात चढला आणि त्याच वर्षी गोव्यात उतरला. दोनच वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं. चांगली नोकरी सोडून त्याने जहाज का धरलं असेल, याचा अंदाज यावरून करता येतो. तो परत गेला नाही. 1549 साली आई आणि बहिणीही गोव्याला आल्या.

गोव्यात त्याने वैद्यकी केली, मसाल्यांचा आणि औषधांचा व्यापार केला, अहमदनगरच्या बुरहान निजामशहावरही उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवलंय. आणि जवळजवळ तीस वर्षं तो एक काम करत राहिला: समोर आलेल्या प्रत्येक मुळाला, सालीला, बीला इथली माणसं काय म्हणतात आणि ती कशावर देतात, हे विचारत राहिला.

त्या विचारपुशीतून झालेलं पुस्तक म्हणजे दोघा मित्रांच्या गप्पा. युरोपातून नुकता आलेला, पोथ्या पाठ असलेला रुआनो प्रश्न विचारतो आणि इथे मुरलेला ओर्ता उत्तरं देतो. हिंग, भांग, कापूर, वेलची, नारळ, फणस, हळद, निर्गुडी, कडुनिंब अशी प्रकरणं आहेत. धोतऱ्याच्या प्रकरणात तर धोतरा खायला घालून केलेल्या चोरीची घरगुती हकिगत येते. मलुपा नावाचा एक हिंदू वैद्यही येऊन बोलून जातो. (मल्लप्पा असेल का? मला तरी तसंच वाटतं.) रुआनो ग्रीक आचार्यांचा हवाला देतो तेव्हा ओर्ता सांगतो, मला डायोस्कोरिडिस आणि गॅलनची भीती घालू नकोस, मी खरं आणि मला ठाऊक असेल तेवढंच बोलणार. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची माझीही छाती झाली नसती, हेही तो कबूल करतो. घर सुटल्याचा हा एक फायदा त्याला पुरेपूर मिळाला.

सगळंच बरोबर होतं असं नाही. पिंपळी हे मिरीपेक्षा वेगळंच झाड, हे त्याने अचूक सांगितलं. पण काळी आणि पांढरी मिरी दोन वेगळ्या वेलींची, असंही ठोकून दिलं. वेल एकच असते. पिकलेल्या दाण्याचं साल काढलं की पांढरी मिरी.

पुस्तकाचा कळस मात्र पटकीचं प्रकरण. गप्पा चालू असतानाच रोग्याकडून बोलावणं येतं. ओर्ता जाऊन बघतो: नाडी बुडालेली, अंगाला गार घाम, डोळे खोल गेलेले, तहान भागत नाही, पायांत गोळे. माणूस बहुधा एका दिवसात जातो, आणि गोव्यात जून-जुलैमध्ये जोर जास्त, असं तो नोंदतो. युरोपीय वैद्याने केलेलं आशियाई कॉलऱ्याचं हे पहिलं छापील वर्णन मानतात. नाव काय, तर 'मोर्शी', म्हणजे खूप खाल्ल्याने होणारं दुखणं. आम्ही पोर्तुगीज बिघडवून त्याला 'मोर्देशी' म्हणतो, असंही तो लिहितो. मुळात आपली मोडशी, 'मोडणे' वरून आलेली. शरीर मोडून पडतं ती.

इथले वैद्य यावर काय देतात, तेही त्याने टिपलं. पाय डागतात, डोळ्यांत पिंपळी घालतात, गोळे येऊ नयेत म्हणून हातपाय आवळून बांधतात. आणि प्यायला पेज देतात, मिरी-जिरं घालून.

डागणं आणि डोळ्यांतली पिंपळी सोडून देऊ, पेजेपाशी थांबू. पटकीचा जंतू लहान आतड्यात विष सोडतो. त्याने आतड्याच्या पेशी क्लोराइड बाहेर फेकू लागतात, मागोमाग सोडियम आणि पाणी जातं. रोगी मरतो तो या पाणी आटण्याने. पण आतड्याचं एक दार या विषाने बंद होत नाही: ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारं. ती जोडी आत शिरली की पाणी त्यांच्यामागे जातं. पेजेतला स्टार्च पचून ग्लुकोज हळूहळू सुटतं, म्हणून ते उलट पाणी बाहेर ओढत नाही. फक्त सोबत मीठ हवं. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने पटकीचे हजारो रोगी सांभाळले, ते याच दारातून. पुढे तांदळाच्या पिठाचं ओआरएसही आलं. आजीची कैरीची फोड मला आता वेगळी दिसते.

ओर्ता 1568 साली वारला. गोव्यात तोवर इन्क्विझिशन येऊन पोचलं होतं. 1569 मध्ये त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं. 1580 मध्ये, तो गुपचूप ज्यूच राहिला होता असं ठरवून, त्याची हाडं उकरून जाळली.

पुस्तक तेव्हा गोव्याबाहेर कधीच पडलेलं होतं. क्लुसियस या वनस्पतितज्ज्ञाने ते लॅटिनमध्ये आणून 1567 सालीच अँटवर्पला छापलं होतं, आणि युरोपाने ओर्ता वाचला तो मुख्यतः त्याच्यातून. त्याने मजकूर आटोपशीर केला, गप्पांची चौकट काढून टाकली. शास्त्राला ते सोयीचंच, पण माझ्यासारख्याला चुटपुट लागते. रोग्याच्या घरची ती धावपळ गप्पांमध्येच तर होती.

मोडशीचा प्रवास मात्र थांबला नाही. पोर्तुगीजांचं 'मोर्देशीं' फ्रेंचांच्या कानावर पडलं, त्यांना ते 'मोर द शियाँ' ऐकू आलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. हिंदुस्थानातले इंग्रजही तेच लिहू लागले. 'ध'चा 'मा' आपल्याकडे एकदाच झाला म्हणतात, इथे मोडशीचं कुत्रं झालं.