उत्तरं आधी, प्रश्न नंतर: लिनक्सचं विनादेखरेख इन्स्टॉलेशन

लिनक्स इन्स्टॉल करताना विचारले जाणारे प्रश्न मोजकेच असतात: भाषा, कीबोर्ड, डिस्कची विभागणी, पासवर्ड. शंभर सर्व्हरवर तीच उत्तरं हाताने देताना मात्र कुठेतरी वेगळा पर्याय निवडला जातो आणि तो फरक पुढे भलत्याच वेळी डोकं वर काढतो.

म्हणून उत्तरं आधीच एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. लिनक्सच्या प्रकारानुसार तिचं नाव बदलतं: रेड हॅट आणि फेडोरामध्ये तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड. उबुंटू सर्व्हरमध्ये 20.04 पासून ऑटोइन्स्टॉल आहे. फेडोरा एकदा हाताने इन्स्टॉल केलं, तर तुमच्या उत्तरांची किकस्टार्ट फाइल इन्स्टॉलर स्वतःच रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) फोल्डरमध्ये ठेवतो. शिकायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

पण डिस्क कोरी असलेल्या मशीनला ही फाइल सापडते कशी? इथे पीएक्सई (डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट होण्याची, म्हणजे सुरू होण्याची सोय) कामाला येतं. चालू होताच नेटवर्क कार्ड पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला हाक देतं. उत्तरात आयपी पत्त्याबरोबरच बूट सर्व्हरचा पत्ता आणि पहिल्या प्रोग्रामचं नाव मिळतं. तो छोटा प्रोग्राम टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने उतरतो, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणतो; कर्नलला दिलेल्या ओळीतच उत्तरांच्या फाइलचा पत्ता असतो. मात्र बूट क्रमात नेटवर्क कायम पहिलं राहिलं, तर रीबूटनंतर मशीन पुन्हा इन्स्टॉल व्हायला लागतं. त्यामुळे काम झालेल्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डची ओळख) नोंदवून त्याला ‘आता डिस्कवरून बूट हो’ असं सर्व्हरने सांगावं लागतं.

तयार डिस्कची प्रत काढणं झटपट होतं, हे खरं. पण तशीच प्रत वापरली तर एसएसएचच्या होस्ट किल्ल्या (दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणाऱ्या) आणि मशीन-आयडी सगळीकडे सारखेच येतात. नव्याने इन्स्टॉल केलेल्या प्रत्येक मशीनला ते स्वतःचे मिळतात.

सगळ्यात जपावं डिस्कला. विचारणारं कुणी नसल्यामुळे पुसू नये ती डिस्कही निमूट पुसली जाते. उबुंटूने यावर चांगला अडसर ठेवला आहे: कर्नलच्या ओळीत ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द नसेल, तर फाइल असूनही डिस्कवर लिहिण्याआधी इन्स्टॉलर होकार मागतो. लिनक्स डिस्कला देतं त्या ‘एसडीए’सारख्या नावावरही विसंबू नये, डिस्क सापडण्याचा क्रम बदलला की तेच नाव दुसऱ्या डिस्कला लागू शकतं. अनुक्रमांकावरून डिस्क ओळखावी आणि नवी फाइल आधी व्हर्च्युअल मशीनवर चालवून पाहावी.