उडते वारा-चक्र

मनोरा न बांधता, पतंगासारखे दोरावर चढवून वाऱ्यात फिरत ठेवलेले पात्यांचे चक्र. जनित्र बहुधा जमिनीवरच असते. चक्राचा पीळ ताणलेल्या दोरांच्या जुडीतून खाली येतो. जुडी सैल पडली की दोर एकमेकांत गुंततात आणि पीळ तिथेच संपतो. म्हणून वर ओढून धरायला वेगळा पतंग लावतात.

घडणीतली खरी झुंज वजनाशी. जमिनीवरच्या पवनचक्कीचा भार मनोरा पेलतो. इथे चक्राने आधी तरंगायचे, मग वीज द्यायची. सगळी मापे दुप्पट केली तर वारा झेलणारे क्षेत्र चौपट होते, वजन मात्र आठपट. त्यामुळे एका अगडबंब चक्रापेक्षा लहान चक्रे एकाच जुडीत ओवणे बरे. छाटायला सोपा तो मधला भाग: 4 मीटर व्यासाच्या चक्रातले मधले 2 मीटर मोकळे ठेवले, तरी क्षेत्र चौथाईनेच घटते. मग चाकाला असतो तसा मधला तुंबाच नको. पाती कार्बन फायबरच्या कड्यावर बसतात. पाते फोमचे, वर पातळ आवरण. ते लवचीक असले तरी चालते, कारण गोफणीची दोरी फिरताना ताठ होते तसेच तेही होते.

महारुखाची चपटी शेंग गिरक्या घेत सावकाश उतरते. स्पॅनिश अभियंते हुआन दे ला सिएर्वा यांचे 1923 साली उडालेले ऑटोजायरो, म्हणजे वाऱ्यानेच फिरणाऱ्या पात्यांवर तरंगणारे विमान, याच तत्त्वावरचे. चक्र मागे कलवले की थोडी उचल मिळते, पण तेवढी वीज कमी.

विदर्भात मे महिन्यातली 45 अंशांची हवाच हलकी: घनमीटरला सुमारे 1.06 किलो, एरवी प्रमाण धरतात 1.225. अशा हवेत सेकंदाला 5 मीटर वारा 2 मीटरच्या चक्रातून जातो, तेव्हा त्यात जेमतेम 208 वॅट असतात. कुठलेही चक्र वाऱ्यातली फार तर 59.3 टक्के शक्ती काढू शकते; बेट्झच्या या मर्यादेने 123, आणि हाती येतात पन्नास-साठ. वारा दुप्पट झाला तर हेच आठपट होईल, पण तो रोज कुठला! पाच अश्वशक्तीच्या मोटरपंपाचे नावच नको. तुरीच्या धुऱ्यावर रोही-रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची बॅटरी मात्र यावर भरू शकते, तीही सौर पाटी झोपलेली असताना.

अडचण अशी, की हिवाळ्याच्या रात्री वारा असलाच तर शे-दोनशे मीटरवर. खाली पानही हलत नाही, मग चक्र चढवायचे कसे? उलट उन्हाळ्यातले वावधान आले तर ते उतरवायला वेळ मिळत नाही. ताणलेला बारीक दोर काच न लावताही मांजासारखा कापतो, आणि वावरावरून 11 केव्हीच्या उघड्या तारा गेल्या असतील तिथे हे चक्र उडवूच नये.